फर्निचर, पुरातन : पारख व लिलाव
पुरातन फर्निचर, पारख व लिलाव : एखादी खुर्ची, पलंग, कपाट, पेटारा वा तत्सम लाकडी वस्तू ज्या काळातील, ज्या प्रदेशातील व ज्या लाकडाची म्हणून सांगितली जाते, तशी ती खरोखर आहे किंवा कसे, हे तिच्या अंगच्या पुराव्यावरून ठरविणे म्हणजे तिची पारख होय. अशा वस्तूंची खरेदी-विक्री मुख्यत्वे तीन मार्गांनी होते : घरमालकाकडून प्रत्यक्ष, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यामार्फत आणि जाहीर लिलावातून. लिलावात निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो व हातोडा पडल्यावर तो फिरविता येत नाही. त्यामुळे पारखीचे सर्व काम बोलीपूर्वीच पुरे व्हावे लागते.

‘जुने’, ‘पुरातन’ आणि ‘पुरातन शैलीतील’ या तीन शब्दांत भेद करणे आवश्यक असते. व्यापारात सामान्यतः शंभर वर्षांहून अधिक वयाच्या वस्तूस पुरातन म्हणतात व भारतीय कायद्यानेही ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंसाठी हीच मर्यादा धरली आहे. ही मर्यादा सरकती आहे. १९२० च्या सुमारास मुंबईत घडविलेले जे कपाट काही वर्षांपूर्वीपर्यंत केवळ जुने होते, ते आता तिच्या कक्षेत आले आहे. शैली मात्र काळाचा पुरावा होऊ शकत नाही, कारण लोकप्रिय शैलीची पुनरावृत्ती पुढील शतकांतही होत राहते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील परंपरागत घरांत बैठक जमिनीलगतची असे. गादी, लोड, तक्के, पाट व चौरंग ही बसण्याची साधने. पेटारे, फडताळे व भिंतीतील कोनाडे ही साठवणीची. मंचक, पलंग व झोपाळा ही विश्रांतीची. सुताराचे उत्तम कौशल्य वाड्याचे खांब, तुळया, महिरपी, गणेशपट्टी व दरवाजे यांवर खर्च होई. म्हणूनच ‘पेशवेकालीन’ म्हणून विकावयास येणाऱ्या उंच पाठीच्या खुर्च्या व लिहिण्याची टेबले यांकडे प्रथम संशयाने पाहावे लागते. अनेकदा त्या वाड्याच्या पाडकामातून निघालेल्या कोरीव पट्ट्या व खांब वापरून अलीकडे जुळविलेल्या असतात.

कोकणच्या उत्तर भागाची स्थिती काहीशी वेगळी आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली व पुढे त्यांच्या उत्तर प्रांताचे ते मुख्य ठाणे बनले. चर्च, मठ व श्रीमंतांची निवासस्थाने यांमुळे तेथे वेद्या, उंच आसने, पेटारे व कपाटे यांना मागणी निर्माण झाली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. तहाच्या अटींनुसार पोर्तुगीजांना आपली जंगम मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा मिळाली. वसईच्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. घंटेवर ओतकामाचे वर्ष व लेख असू शकतो. लाकडी सामानावर तो सहसा नसतो. म्हणून वसई तालुक्यातील गिरीज, पापडी, सांडोर, निर्मळ इ. गावांच्या जुन्या घरांतील एखाद्या पेटाऱ्याविषयी ‘पोर्तुगीज काळातील’ अशी कौटुंबिक आठवण असली, तरी ती स्वतंत्र पुराव्याने तपासावी लागते.

या भागातील ख्रिस्ती व हिंदू घरांच्या ओटीवर आढळणारी, लांब हातांची व वेताने विणलेली आरामखुर्ची हे याचे बोलके उदाहरण आहे. तिला सर्रास पोर्तुगीज म्हटले जाते. परंतु हा प्रकार प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील असून ब्रिटिश अमलाखालील बंगले, मळे व रेल्वेची विश्रामगृहे यांतून तो सर्वत्र पसरला. म्हणजे बहुतेक खुर्च्या वसईतील पोर्तुगीज सत्तेच्या अस्तानंतर शंभर वा अधिक वर्षांनी घडविलेल्या असतात. त्यामुळे त्यांचे मोल नाहीसे होत नाही. केवळ त्यांचे वर्णन बदलते, आणि लिलावात किंमत वर्णनावर अवलंबून असते.

गोवा व पश्चिम किनाऱ्यावर सोळाव्या-सतराव्या शतकांत घडलेल्या इंडो-पोर्तुगीज फर्निचरमध्ये अनेक लहान खणांचे, स्वतंत्र घडवंचीवर ठेवलेले कपाट (कोंतादोर) विशेष प्रसिद्ध आहे. सागवानात आबनुसाचे भौमितिक जडावकाम आणि नागिणी वा जलकन्या यांच्या आकृतींचे पाय ही त्याची काही लक्षणे होत. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय व लिस्बनचे प्राचीन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय यांत त्याचे उत्तम नमुने आहेत. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडाचे, पाने, फुले, पक्षी यांच्या दाट जाळीदार कोरीव कामाचे फर्निचर तयार होऊ लागले व ते पारशी, गुजराती आणि यूरोपीय घरांतून लोकप्रिय झाले. सुरत व मुंबई येथील ‘सादेली’ हे सूक्ष्म भौमितिक जडावकाम पेट्यांवर विशेषेकरून केले जाई. अहमदाबाद येथे १८८१ मध्ये लॉकवुड डी फॉरेस्ट हा अमेरिकन कलावंत व मगनभाई हठीसिंग यांनी कोरीव कामाचा कारखाना काढला व त्याचा माल अमेरिकेत गेला. यामुळे पश्चिम भारतीय वस्तू आज परदेशी लिलावांतही आढळतात.

लाकडाची ओळख : पारखीची पहिली पायरी लाकूड ओळखणे ही होय. सागवान सोनेरी तपकिरी, तेलकट स्पर्शाचे व विशिष्ट वासाचे असते. शिसवी जांभळट तपकिरी असून त्यात काळसर रेषा असतात; ती सागापेक्षा बरीच जड असते (विशिष्ट गुरुत्व सु. ०·८५, सागाचे सु. ०·६५). फणसाचे लाकूड नवे असताना पिवळे व कालांतराने गडद तपकिरी होते. सागवान वा हलके लाकूड काळे रंगवून शिसवी म्हणून विकण्याची पद्धत जुनी आहे. खणाच्या तळाशी किंवा पायाच्या टोकाशी, जेथे रंग पोहोचत नाही, तेथे खरा रंग दिसतो. उलटपक्षी खऱ्या शिसवीचा पृष्ठभाग दीर्घकाळ उन्हात राहिल्यास फिका पडतो. सर्व बाजूंनी सारखा काळाभोर असलेला नग नुकताच रंगविलेला असण्याचा संभव असतो. शंका राहिल्यास लहानशा छिलक्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करता येते. डेहराडून येथील वन संशोधन संस्था व बंगलोर येथील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था या क्षेत्रांतील प्रमुख संस्था होत.

दृश्य भागाइतकेच अदृश्य भागातील लाकूडही महत्त्वाचे असते. खणांचे तळ, पाठीच्या फळ्या व आतील आधारपट्ट्या यांसाठी कारागीर जवळपास मिळणारे स्वस्त लाकूड वापरी. त्यामुळे बाहेरील नमुना यूरोपीय असला, तरी आतील लाकूड वस्तूचे खरे गाव सांगते. पाठीला प्लायवुड असल्यास निदान तो भाग विसाव्या शतकातील होय.

बांधणीचा पुरावा : नगाची मागची व खालची बाजू, खणांचे आतील अंग व सांधे यांवर हत्यारांच्या खुणा टिकून असतात. दोघांनी ओढावयाच्या हातकरवतीच्या खुणा सरळ पण कमीअधिक अंतराच्या असतात. वर्तुळाकार यांत्रिक करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. पट्टा-करवतीच्या खुणा समांतर व समान अंतराच्या असतात. हातरंध्याने केलेला पृष्ठभाग बोटांना किंचित लहरी लागतो. खाचेत कूस बसवून लाकडी खुंटीने पक्का केलेला सांधा, तसेच खणाच्या कोपऱ्यावरील पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा (डव्हटेल) सांधा हाताने कापलेला असल्यास त्याच्या दातांत थोडी विषमता असते. यंत्राने कापलेले दात अगदी सारखे असतात.

धातूचे सामानही बोलके असते. लोहाराने घडविलेले खिळे चौकोनी व निमुळते असतात. गोल तारेचे यांत्रिक खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाले. हाताने कापलेल्या स्क्रूचे आटे विषम व टोक बोथट असते. टोकदार यांत्रिक स्क्रू १८४० नंतरच्या दशकांत प्रचारात आले, तर अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरचे होत. मात्र बिजागऱ्या, कड्या व कुलपे वारंवार बदलली जातात. त्यामुळे जुन्या कडीमागे दुसऱ्या आकाराच्या कडीची बुजविलेली छिद्रे आहेत का, हे पाहावे लागते.

या पुराव्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. पाश्चात्त्य मार्गदर्शक ग्रंथांत हातकरवतीच्या खुणा व हाताने कापलेले सांधे ही प्राचीनतेची चिन्हे मानली जातात, कारण तेथे यंत्रांनी हातकामाची जागा लवकर घेतली. भारतात मात्र हातकरवत, वाकस व पटाशी यांवर चालणारी सुतारकी विसाव्या शतकातही सर्वत्र चालू होती, व काही ठिकाणी आजही आहे. म्हणून येथे हातकामाच्या खुणांवरून वय सिद्ध होत नाही. याउलट यंत्राची खूण, प्लायवुड वा आधुनिक स्क्रू मूळ बांधणीत आढळला, तर प्राचीनतेचा दावा खोडून निघतो. थोडक्यात, नवेपणाचा एक पुरावा निर्णायक ठरू शकतो. जुनेपणाचे अनेक पुरावे एकत्र आले तरच ते विश्वासार्ह ठरतात.

झीज, आकुंचन व कीड : खरी झीज वापराच्या जागी होते : खुर्चीच्या हातांची टोके, पाय टेकण्याची आडवी पट्टी, खणाच्या घसरपट्ट्या, मागच्या पायांचे तळ. जेथे हात वा पाय पोहोचू शकत नाही, तेथे झीज दिसल्यास ती कृत्रिम समजावी. साखळीने मारून पाडलेले व्रण सर्वत्र विखुरलेले व एकाच प्रकारचे असतात. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे आकसत नाही, परंतु आडव्या दिशेने आकसते. त्यामुळे जुन्या गोल टेबलाचा व्यास दोन्ही दिशांनी मोजल्यास काही मिमी.चा फरक येतो, आणि कातीव खांब किंचित लंबगोल झालेला आढळतो. अगदी अचूक वर्तुळ हे वयाशी विसंगत असते.

लाकूड पोखरणारे भुंगेरे बाहेर पडताना सु. १ ते २ मिमी. व्यासाची गोल छिद्रे पाडतात. त्यांचे बोगदे मात्र आतच राहतात. पृष्ठभागावर छिद्रांऐवजी लांबट उघडे चर दिसत असतील, तर किडलेले जुने लाकूड नंतर कापून तो पृष्ठभाग तयार केला, असे अनुमान निघते. ही कसोटी जुन्या लाकडापासून केलेली नवी वस्तू ओळखण्यास फार उपयोगी पडते. कडीभोवती, हाताच्या जागी व कोरीव कामाच्या खोबणीत साचणारे मेण, तेल व धूळ यांचा थर आणि उघड्या लाकडाचा क्रमाने बदललेला रंग यांतून जी कालजन्य झळाळी येते, ती एकाच वेळी लावलेल्या गडद रंगाने साधत नाही.

बनावटीचे प्रकार : संपूर्ण नवी वस्तू जुनी म्हणून विकणे हा सर्वांत ढोबळ प्रकार होय. त्याहून अधिक आढळणारे प्रकार असे : (१) जोडकाम – एका कपाटाचा वरचा भाग व दुसऱ्याचा खालचा भाग एकत्र बसविणे, दोहोंच्या पाठीच्या फळ्या, सांध्यांची पद्धत व लाकडाचा रंग यांतील भेदाने ते उघड होते. (२) अलंकरण – साध्या जुन्या नगावर नंतर कोरीव काम वा जडावकाम करणे. मूळ कोरीव काम बहुधा पृष्ठभागाच्या वर उठून दिसते, तर नंतरचे फळीच्या मूळ पातळीखाली खणलेले असते. (३) पुनर्घटन – पाडलेल्या घराच्या तुळया, दरवाजे व खांब यांपासून नवी वस्तू करणे. निरुपयोगी खाचा व बुजविलेली खुंटीछिद्रे तिची ओळख पटवितात. (४) अतिदुरुस्ती – पाय, पाठ व खण बदलत जाऊन मूळ भाग अल्प उरणे. प्रामाणिक दुरुस्ती हा दोष नव्हे. ती लपविणे हा दोष होय. तसेच प्रतिकृती म्हणूनच विकलेली प्रतिकृती बनावट ठरत नाही.

मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीट व जोगेश्वरीजवळचा ओशिवरा येथील बाजार जुन्या फर्निचरसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे अस्सल वस्तू, दुरुस्त वस्तू व नव्याने केलेल्या प्रतिकृती शेजारीशेजारी असतात. त्यामुळे ग्राहकाने विक्रेत्याच्या तोंडी वर्णनापेक्षा नगाच्या मागच्या बाजूवर अधिक भरवसा ठेवणे श्रेयस्कर ठरते.

शास्त्रीय कसोट्या : जंबुपार प्रकाशात लाखेचे (चपड्याचे) जुने पॉलिश नारिंगी छटेने चमकते, आधुनिक कृत्रिम रोगणाची छटा वेगळी असते, त्यामुळे दुरुस्त केलेले भाग उठून दिसतात. क्ष-किरणांनी आतील खिळे व लपविलेले सांधे पाहता येतात. कार्बन-१४ पद्धतीने लाकूड केव्हा वाढले ते कळते, वस्तू केव्हा घडली ते नव्हे. शिवाय १६५० नंतरच्या तीन शतकांसाठी या पद्धतीचे निष्कर्ष संदिग्ध असतात. मात्र १९५० नंतरच्या दशकांतील अण्वस्त्रचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ वाढल्याने त्यानंतर वाढलेले लाकूड निश्चितपणे ओळखता येते. सागाला स्पष्ट वार्षिक वलये असतात व पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने त्यांचा हवामानाच्या इतिहासासाठी अभ्यास केला आहे. फर्निचरच्या अरुंद फळ्यांत मात्र पुरेशी वलये क्वचितच सापडतात. खर्चाच्या दृष्टीने या कसोट्या बहुमोल वस्तूंपुरत्याच योग्य ठरतात.

पूर्वेतिहास : वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड नोंद म्हणजे तिचा पूर्वेतिहास. खरेदीची पावती, वाटणीपत्रातील किंवा मृत्युपत्रातील उल्लेख, ओटीवर काढलेले दिनांकित कौटुंबिक छायाचित्र, कारखान्याची चिठ्ठी किंवा ठसा ही त्याची साधने होत. हा पुरावा घरातून वस्तू हलताना सर्वांत आधी नष्ट होतो. वसई परिसरात नागरीकरणाचा वेग वाढल्यापासून जुनी कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या. अशा वेळी वाटणीच्या घाईत घरातील सर्व लाकूड एकत्रित किंमतीस विकले जाते. कपाट व तुळई यांत भेद केला जात नाही. त्यानंतर तीच वस्तू गावाच्या व घराच्या नावावाचून बाजारात येते, आणि तिच्याविषयी काहीही सांगणे विक्रेत्याला शक्य होते. यात घरमालकाचे आर्थिक नुकसान होतेच. पण स्थानिक सुतारकीच्या इतिहासाचे साधनही कायमचे निकामी होते. विक्रीपूर्वी प्रत्येक नगाचे सर्व बाजूंनी छायाचित्र, मापे व घरातील जागेची नोंद करून ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

लिलावाची पद्धती : आधुनिक लिलावसंस्थांपैकी लंडनच्या सदबीज (१७४४) व क्रिस्टीज (१७६६) या जुन्या होत. भारतात कलकत्त्यातील रसेल एक्स्चेंज (१९४०) ही संस्था घरगुती सामानाच्या लिलावांसाठी ख्यातनाम आहे. मुंबईत सॅफ्रनआर्ट (२०००) व त्यानंतर निघालेल्या संस्थांमुळे कलावस्तूंच्या लिलावांचा विस्तार झाला. लिलावापूर्वी सूची प्रसिद्ध होते व वस्तू पाहण्यासाठी काही दिवस ठेवतात. सूचीतील शब्दयोजना काटेकोरपणे वाचावी लागते : ‘एकोणिसाव्या शतकातील’ हे काळाविषयीचे विधान होय, ‘एकोणिसाव्या शतकाच्या शैलीतील’ हे केवळ रूपाविषयीचे. संभाव्य किंमत ही संस्थेचा अंदाज असते, हमी नव्हे. राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली विक्रेता वस्तू देणार नाही ती गुप्त मर्यादा. हातोडा पडलेल्या किंमतीवर खरेदीदाराला संस्थेची दलाली, कर व वाहतूक यांचा भार पडतो. तो आधी जमेस धरूनच आपली कमाल बोली ठरविणे इष्ट असते. पाहणीच्या वेळी विजेरी, मोजपट्टी व भिंग बरोबर असावे, खण पूर्ण बाहेर काढून उलटे करून पाहावेत आणि स्थितीविषयीचा लेखी अहवाल मागावा.

भारतीय मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये लिलावाचे नियम आहेत. प्रत्येक नगाचा करार स्वतंत्र मानला जातो. हातोडा पडून विक्री पुरी होईपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याने बोलीचा हक्क आधी जाहीर केला नसेल, तर त्याला स्वतः वा हस्तकामार्फत बोली करता येत नाही. आणि किंमत चढविण्यासाठी खोट्या बोली लावल्यास खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. याच अधिनियमानुसार सामान्यतः विक्रेत्यापाशी असलेल्या हक्काहून चांगला हक्क खरेदीदारास मिळत नाही. म्हणून चोरीची वस्तू लिलावात घेतल्यानेही निर्वेध होत नाही. खरेदीदारांनी आपापसांत संगनमत करून बोली दाबणे हा उलट दिशेचा गैरप्रकार असून त्याविरुद्ध ब्रिटनने १९२७ मध्ये कायदा केला.

अन्य कायदे : पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) अन्वये पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही व खाजगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. वस्तू पुरावशेष नसल्यास तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळविता येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील १९८६ व १९९१ च्या सुधारणांनी हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद झाला. त्यामुळे हस्तिदंती जडावाची पेटी वा कपाट अस्सल असले, तरी त्याचा व्यापार करता येत नाही. शिसवीचा समावेश २०१७ पासून संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे परदेशी लिलावातील शिसवी नगासाठीही कागदपत्रे लागतात. अस्सलपणा व विक्रीयोग्यता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होईल.

पारखीच्या अभावी काय घडते, याचे अलीकडील उदाहरण चंदीगढचे आहे. प्येअर झान्रे (१८९६–१९६७) या स्विस वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली १९५० नंतर तेथील कार्यालयांसाठी सागवानी खुर्च्या, टेबले इ. फर्निचर घडविले गेले. जुने झाल्यावर ते भंगार म्हणून लिलावात निघाले व परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेऊन यूरोप-अमेरिकेतील लिलावांत मोठ्या किंमतीस विकले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीस व निर्यातीस प्रतिबंध करणारा आदेश काढला. परंतु शंभर वर्षांची अट पुरी होत नसल्याने पुरावशेष अधिनियमाचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. किंमत वाढताच त्यांच्या बनावट प्रतीही बाजारात आल्या.

जतन : खरेदीनंतर पृष्ठभाग खरवडून नवे रोगण चढविणे ही सर्वांत सामान्य चूक होय, त्यामुळे वयाचा प्रमुख पुरावाच नाहीसा होतो. कोकणच्या दमट हवेत नग भिंतीपासून थोडा दूर व जमिनीच्या ओलीपासून वर ठेवावा, थेट ऊन टाळावे, कोरड्या मऊ कापडाने पुसावा व कीड दिसताच तज्ञाकडून उपचार करवावेत. दुरुस्तीत मूळ भाग शक्य तितके राखावेत, काढलेले भाग जपून ठेवावेत व दुरुस्तीची लेखी नोंद करावी. तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय येथील वस्तूंचे निरीक्षण उपयुक्त ठरते. निश्चित नमुने वारंवार पाहून तयार झालेली दृष्टी, नगाच्या मागच्या बाजूची तपासणी आणि कागदोपत्री पूर्वेतिहास या तिहींचा मेळ बसला, तरच वस्तूचा अस्सलपणा मान्य करावा.